कुंडीतली पाणथळ

सेलरीच्या दांड्याचा आडवा काप करून उजेडात धरला तर तो चंद्रकोरीसारखा दिसतो. आतली बाजू पन्हळीसारखी खोलगट, बाहेरची उभ्या वळ्यावळ्यांची. प्रत्येक वळीत एक शीर असते. घेवड्याची काढतो तशीच नखाने धरून वरून खाली ओढली की निघते. भरपूर पाण्यावर वाढलेल्या दांड्यातही शिरा असतातच, पण त्या दाताला लागत नाहीत. दांडा काटकन मोडतो आणि मोडल्या जागी पाणी डवरून येतं. पाण्याची ओढ बसलेल्या दांड्यात त्याच शिरा सुतळीसारख्या चिवट होतात, मधला गर कापसासारखा भुसभुशीत होतो किंवा नाहीसाच होऊन पोकळी उरते, आणि चव कडू लागते. झाडाचे मागचे दोन-तीन महिने कसे गेले, हे असं एका कापात वाचता येतं. किती दिवस आपण गावाला गेलो होतो आणि शेजारच्यांनी पाणी घालायचं विसरलं होतं, तेसुद्धा.

पुण्यात सेलरी लावायची तर एवढं एकच मनाशी पक्कं धरावं: ही पाणथळीत वाढणारी वनस्पती आहे. भूमध्य समुद्राच्या काठच्या ओलसर, दलदलीच्या जागा हे तिचं मूळ घर. सिसिली बेटावर ग्रीकांनी वसवलेल्या सेलिनस नगराचं नावच रानसेलरीवरून पडलं होतं आणि तिथल्या नाण्यांवर तिचं पान कोरलेलं असे. पुढे अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामझू गावाच्या आसपास डच वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात सेलरीची मोठी शेती उभी केली, तीही काळ्या, कुजक्या, पाणी धरून ठेवणाऱ्या दलदलीच्या जमिनीत. आणि आपण तिला कुठे लावतो? सिमेंटच्या गच्चीवर, दुपारच्या वाऱ्यात, 10 इंचांच्या कुंडीत. तुळशीला घालतो तसं सकाळी तांब्याभर पाणी घालतो आणि 'पुण्याच्या हवेत सेलरी होत नाही' म्हणून मोकळे होतो. पुण्याच्या हवेत ती नक्की होते. निदान चार महिने तरी होते. फक्त त्या चार महिन्यांत तिला कुंडीत छोटीशी पाणथळ करून द्यावी लागते.

हे चार महिने कोणते, ते आधी ठरवू. सेलरीला 15 ते 22 अंशांची हवा मानवते. पुण्याचा नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य तिच्या सगळ्यात जवळ जाणारा. दुपारी पारा 28-30ला टेकतो, पण रात्री चांगल्या गार असतात. मात्र लावणीनंतर पूर्ण तयार व्हायला तिला 90 ते 120 दिवस लागतात आणि त्याआधी रोप तयार होण्यात 9-10 आठवडे जातात. त्यामुळे थंडी पडल्यावर बी आणायला गेलं की उशीर झालेलाच असतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हौसेने बियांची पाकिटं आणून लगेच पेरणाऱ्यांची सेलरी याच कारणाने फसते: रोप जोमात येतं तेव्हा एप्रिल लागलेला असतो. गणपतीत पेरावं, दिवाळीत लावावं, संक्रांतीपासून तोडायला घ्यावं आणि होळीपर्यंत आटपावं, हे पुण्याचं वेळापत्रक. अधिक मासामुळे सण मागेपुढे होतात, म्हणून तारखांतच सांगायचं तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा दुसरा आठवडा, या पंधरा-वीस दिवसांत बी मातीवर पडलं पाहिजे.

बी मातीवर पडलं पाहिजे, मातीत नाही. पहिली चूक इथेच होते. तळहातावर घेऊन पाहिलं तर सेलरीचं बी ओव्याचं धाकटं भावंड वाटावं असं: तपकिरी, पाठीवर पाच बारीक धारा, आणि एवढं लहान की एका ग्रॅममध्ये दोन-अडीच हजार दाणे मावतात. ओवा, जिरं, कोथिंबीर, शेपू, बडीशेप, गाजर ही सगळी याच कुळातली, आणि उगवायला आळशीपणा करणं हा या कुळाचा स्वभावच. सेलरी त्यात सगळ्यांच्या वरताण. तिला उगवायला उजेड लागतो. मेथी-कोथिंबिरीच्या सवयीने वर अर्धा इंच माती लोटली की संपलं. शिवाय हवा 25 अंशांच्या वर गेली की उगवण घटते आणि 30च्या आसपास बी जणू झोपीच जातं. मेलेलं नसतं, गारव्याची वाट पाहत असतं.

म्हणून बी रात्रभर पाण्यात भिजवावं, निथळून ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळावं आणि डबीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात पाच-सहा दिवस ठेवावं. तोवर 3 इंच खोलीचा ट्रे किंवा मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा तळाला भोकं पाडून तयार करायचा. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत एवढं मिश्रण पुरतं. ते ओलं करून सपाट दाबावं. भिजलेलं बी बोटांना चिकटतं, म्हणून चमचाभर कोरड्या बारीक वाळूत कालवून भुरभुरावं आणि वहीच्या पुठ्ठ्याने हलकं दाबावं. वर काही घालायचं नाही. पाणी वरून ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. वर काच किंवा पारदर्शक झाकण, आणि जागा घरातली: खिडकीपाशी, उजेड भरपूर पण ऊन नाही. बाहेर ठेवलेला ट्रे परतीच्या पावसाची एकच सर पार धुऊन नेते.

आता वाट पाहायची. दोन आठवडे, कधी तीन. बाराव्या दिवशी ट्रे उपडा करणारे पुष्कळ असतात, त्यांनी आणखी आठवडाभर दम धरावा. कोंब वर येतो तो शिवणाच्या दोऱ्याएवढा, वर तिळाच्या अर्ध्याएवढी दोन पानं. कोंब दिसताच झाकण काढून टाकावं, नाहीतर कोंदट ओलीत बुरशी लागून रोपं बुडातून कोलमडतात. पहिला महिना वाढ अशी कूर्मगतीने होते की आपलं काही चुकलं असं वाटत राहतं. काही चुकलेलं नसतं.

बियाण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. काष्ठौषधींच्या दुकानात 'अजमोदा' मिळतो आणि पुस्तकांत सेलरीच्या बीलाही अजमोदा म्हटलेलं सापडतं. पण त्या नावाने ओव्याच्या जातीतली दुसरी बीसुद्धा विकली जाते आणि ती किती जुनी आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं. पेरण्यासाठी बियाण्याच्या दुकानातलं, तारीख छापलेलं पाकीटच घ्यावं. जाड दांड्याची हवी असेल तर टॉल युटा 52-70सारखी हिरवी जात मिळते. आपल्याकडे घरच्या बागेला मात्र मी पानाची सेलरी आधी सुचवीन. मंडईत किंवा मार्केट यार्डात इंग्लिश भाज्यांच्या गाळ्यावर बारीक दांड्यांच्या, दाट पानांच्या जुड्या दिसतात, तशी ती. दांडा करंगळीएवढाच, पण वास दुप्पट, उन्हाला थोडी सोशिक, आणि लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांत तोडायला येते. दिवसातून एकदाच पाणी घालणं जमणार असेल तर हीच लावावी. जाड दांड्याच्या सेलरीला घरात दोन्ही वेळा कुणीतरी असावं लागतं.

दोन खरी पानं, म्हणजे कातरलेल्या कडांची, कोथिंबिरीसारखी दिसणारी पानं आली की रोपं एकेक करून चहाच्या कागदी कपांत हलवावीत. दांडी चिमटीत धरू नये, चिरडते. पानाला धरून आइस्क्रीमच्या काडीने खालून उचलावं. रोप 4-5 इंचांचं झालं, पाच-सहा पानं आली की ते मोठ्या घरात जायला तयार. त्याआधी आठवडाभर रोज थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवून काटक करावं.

मोठं घर म्हणजे काय? 20 लिटरची रंगाची रिकामी बादली. सेलरीची मुळं खोल जात नाहीत, वरच्या 8-10 इंचांतच पसरतात. खोलीपेक्षा तिला ओल टिकणं महत्त्वाचं. एरवी कुंडीच्या तळाला भोक पाडतो. इथे तळ अखंड ठेवून बाजूला, तळापासून 2 इंच वर, एकमेकांसमोर दोन भोकं पाडावीत. खालच्या त्या दोन इंचांत जाड वाळू भरावी. पाणी भोकाच्या पातळीपर्यंत वाळूत साठून राहतं, जादाचं बाजूने वाहून जातं आणि ओल हळूहळू वर चढत राहते. हीच आपली पाणथळ. बशीत पाणी ठेवण्यापेक्षा ही तऱ्हा कितीतरी बरी, कारण उघडं पाणी कुठेच नाही आणि डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही. बशीच वापरायची असेल तर तीत खडी भरावी आणि आठवड्यातून एकदा ती पूर्ण कोरडी करून पुसावी. पुण्यात डेंग्यूचं दुखणं माहीत नाही असं घर नाही, तेव्हा यात कुचराई नको.

वाळूवर भरायचं मिश्रण जड आणि श्रीमंत हवं: दोन भाग पोयटा म्हणजे गाळाची माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि बादलीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती नको. ती ओली असताना चिखल होते आणि सुकली की भेगाळते, मुळं तुटतात. एका बादलीत जाड दांड्याचं एकच रोप, पानाच्या सेलरीची तीन. लांब कुंडीत 8-9 इंचांवर एक. लावताना रोपाचा गाभा, जिथून नवी पानं फुटतात तो भाग, मातीच्या वर राहू द्यावा. गाभ्यात माती गेली की तो सडतो. वरून उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला 2 इंच पसरावा, आणि आच्छादन बुंध्यापासून बोटभर लांब ठेवावं. ओली बादली 25-30 किलोपर्यंत भरते. चार-पाच ठेवायच्या असतील तर गच्चीच्या मधोमध न ठेवता कडेला, तुळईच्या वर ठेवाव्यात.

जागा पूर्वेची. सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि दुपारी सावली मिळाली तर उत्तमच. पश्चिमेची गॅलरी असेल तर जानेवारी संपताच 50 टक्क्यांची शेडनेट बांधून टाकावी.

पाणी घालताना बोट मातीत दोन पेरं घालून पाहावं. गुलाबाला 'वरची माती सुकली की पाणी' असं सांगतात, सेलरीच्या बाबतीत वरची माती सुकली म्हणजे उशीर झाला. डिसेंबरात भरलेल्या बादलीला रोज लिटर-दीड लिटर लागतं, फेब्रुवारीत सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-अडीच. माती ओलसर असूनही दुपारी पानं मान टाकतात, ती संध्याकाळी सावरतात. त्या दुपारी घाबरून आणखी पाणी ओतू नये. पण सकाळीच माना पडलेल्या दिसल्या तर झाडाला नुकसान झालेलंच आहे. त्या आठवड्यात वाढणारे दांडे चिवट निघणार आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ते कोवळे होणार नाहीत.

कुठलं पाणी, हाही प्रश्न आहेच. धरणाचं नळाचं पाणी गोडं. उपनगरांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, त्यात क्षार जास्त असतात. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर चढतो तो त्याचाच. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी 'झाडांना घालू' म्हणून साठवलं जातं. हेतू चांगला, पण ते मूळ पाण्यापेक्षा खारं असतं. त्याने फरशी धुवावी. सेलरीच्या पानांच्या कडा तांबूस होऊन करपल्या तर आधी पाण्याकडे पाहावं. बोअरचंच पाणी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा बादलीत दुप्पट पाणी ओतून भोकांतून वाहू द्यावं, साठलेले क्षार थोडे धुऊन जातात.

खाण्याच्या बाबतीतही सेलरी अधाशी. दर दहा-बारा दिवसांनी काहीतरी हवंच. शेंगदाण्याची पेंड 100 ग्रॅम, लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी मिसळून दर बादलीला पाव लिटर द्यावी. पुढच्या पाळीला ओंजळभर गांडूळखत. पण नत्राच्या नादात दोन बारीक गोष्टी राहून जातात, आणि सेलरीची दोन ओळखीची दुखणी त्यांतूनच येतात.

पहिलं, दांड्याच्या पाठीवर आडव्या तपकिरी चिरा पडणं, जणू कुणी नखांनी ओरबाडलं आहे. ही बोरॉनची उणीव. लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम बोरॅक्स विरघळवून एकदा फवारावं, तीन आठवड्यांनी फार तर आणखी एकदा. याहून जास्त नाही. बोरॉन जितकं थोडं लागतं तितकंच ते थोडं जास्त झालं तरी झाडाला विषासारखं भिनतं. दुसरं दुखणं गाभा काळा पडण्याचं. बाहेरून झाड हिरवंगार आणि मधली कोवळी पानं टोकाकडून काळी पडून सडतात. लोक बुरशीनाशक मारत बसतात, पण मूळ कारण कॅल्शियम गाभ्यापर्यंत न पोचणं हे असतं. मातीत कॅल्शियम असतं. ते पाण्यासोबत वर चढतं आणि पाणी आज भरपूर, उद्या काहीच नाही असं झालं की सगळ्यात कोवळ्या पानांना वाटा मिळत नाही. अंड्याची टरफलं घालून या हंगामात काही उपयोग नाही, ती विरघळायला फार वेळ लागतो. कॅल्शियम नायट्रेट लिटरला 4-5 ग्रॅम घेऊन थेट गाभ्यावर फवारावं, आणि पाण्याची वेळ चुकवू नये. खरं औषध म्हणजे हे वेळेवरचं पाणीच.

किडींत मावा हमखास, विशेषतः ढगाळ हवेत. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी. तेवढी पानं खुडून पिशवीत बांधून टाकावीत. फेब्रुवारीत पानं फिकट, धुळकट दिसायला लागली की उलटी करून पाहावीत, बारीक जाळी म्हणजे लाल कोळी. आणि पानांवर तपकिरी ठिपके पसरत जाणारा करपा बहुतेक वेळा आपणच आणतो, संध्याकाळी झारीने डोक्यावरून आंघोळ घालून. पाणी बुंध्याशी घालावं.

बाजारातल्या विलायती सेलरीचे फिकट, गोडसर दांडे पाहून तसे करायचा मोह होतो. त्यासाठी तोडणीआधी दोन-तीन आठवडे दांडे सुतळीने सैल बांधून भोवती जाड तपकिरी कागद गुंडाळतात, वरचा पानांचा तिसरा हिस्सा उघडा ठेवून. उजेड न मिळाल्याने हिरवेपणा आणि कडवटपणा कमी होतो. प्लॅस्टिक वापरू नये, आपल्या दुपारी आत वाफ धरते आणि दांडे कुजतात. एखाद्या झाडावर जरूर करून पाहावं. मला स्वतःला हिरवा दांडाच आवडतो. थोडा उग्र, थोडा खारट, जिभेवर क्षणभर मिरमिरणारा. तो वास घालवायचा तर मग सेलरी कशाला, काकडी आहेच की.

तोडणी सकाळी, पाणी दिल्यावर तासाभराने. बाहेरचा दांडा सात-आठ इंचांचा झाला की अगदी बुडाशी धरून बाहेरच्या बाजूला आणि खाली असा झटका द्यावा, सुटतो. मध्येच मोडला तर उरलेला खुंट सडतो, म्हणून हात बसेपर्यंत धारदार सुरी वापरावी. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त दांडे घेऊ नयेत आणि मधले चार-पाच कधीच नाहीत. असं केलं तर एक झाड संक्रांतीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत दर आठवड्याला तीन-चार दांडे देतं. तोडताना रस हाताला लागतो. कातडी नाजूक असेल तर तो रस लागलेल्या जागी ऊन पडून लाल चट्टे उठू शकतात, तेव्हा हात धुऊनच उन्हात जावं. सेलरीची ॲलर्जी असणारेही असतात. पाहुण्यांना वाढताना तिचं नाव सांगून वाढावं.

दांडे फ्रिजमध्ये ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधले की तीन दिवसांत लुळे. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये सैलसर गुंडाळले तर दोन आठवडे करकरीत राहतात: ओल टिकते आणि भाजी लवकर पिकवणारा वायू मात्र बाहेर निसटतो. मऊ पडलेला दांडा बुडाकडून काप घेऊन बर्फाच्या पाण्यात अर्धा तास उभा करावा, बराच सावरतो. पानं टाकू नयेत. त्यांचा वास दांड्याहून तिखट असतो, त्यामुळे कोथिंबिरीच्या मापाने घातली तर पदार्थ बिघडतो. टोमॅटोच्या साराला चार पानं पुरतात, थालीपिठाच्या भाजणीत एक मूठ. उरलेली सावलीत खडखडीत वाळवून जाड मिठाबरोबर मिक्सरमधून काढली की ताकात घालायला सुरेख मीठ होतं.

कधी कधी फेब्रुवारीतच मधून एक जाड, गोल, टणक दांडा सरसर वर चढतो. कांद्याला डेंगळे येतात, तसाच हा प्रकार. सेलरी मुळात दोन वर्षांची. थंडीचे ओळीने काही दिवस पारा 10-12च्या खाली राहिला की तिला वाटतं हिवाळा सरला, आता फुलायचं. हा फुलदांडा छाटून झाड परत भाजीला वळत नाही. चांगले असतील ते दांडे लगेच काढून घ्यावेत, पुढे ते कडू होतात. पण एक झाड राहू द्यावं. त्यावर शेपूसारख्या छत्र्या येतात, पांढऱ्या, अगदी बारीक फुलांच्या, आणि मधमाश्या न् माव्यावर जगणारे ढालकिडे दिवसभर तिथे असतात. सावली आणि पाणी मिळत राहिलं तर मेच्या आसपास छत्र्या तपकिरी होतात. कागदी पिशवीत उलट्या टांगल्या की बी आपोआप गळतं. पाखडून काचेच्या बाटलीत भरावं, वर वर्ष लिहून फ्रिजच्या दारात ठेवावं. तीन वर्षं तरी ते उगवतं. त्यातलं चमचाभर पेरायला बाजूला काढून बाकीचं बटाट्याच्या भाजीच्या फोडणीला, जिऱ्याच्या जागी, आणि जिऱ्यापेक्षा निम्मंच.